उशिरा आलेला शब्द : मराठी साहित्यातील पुरुषमनाचा एक विचार

१

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘स्त्रीमन’ हा शब्द जुना आणि सरावाचा आहे. एखाद्या लेखकाने स्त्रीमनाचा ठाव घेतला, एखादीने स्त्रीमनाचे हळुवार पदर उलगडले, अशी विधाने परीक्षणांतून पिढ्यान्‌पिढ्या केली गेली आहेत. ‘पुरुषमन’ हा शब्द मात्र त्या मानाने क्वचितच आढळतो. पुरुषांविषयी कमी लिहिले गेले हे त्याचे कारण नव्हे. मराठीतील बहुसंख्य नायक पुरुषच आहेत आणि त्यांच्या मनोव्यापारांचे चित्रण विपुल झाले आहे. परंतु त्या मनाचा उल्लेख समीक्षेने ‘मानवी मन’ असा केला. नायक एकाकी असेल तर ते आधुनिक माणसाचे एकाकीपण. नायिका एकाकी असेल तर ते स्त्रीचे दुःख. पुरुष हा निरपेक्ष ‘माणूस’ आणि स्त्री ही त्याच्या संदर्भाने ठरणारी ‘इतर’, ही विभागणी सिमॉन द बोव्हार यांनी १९४९ साली उघड करून दाखविली. मराठी समीक्षेत स्त्रीवादी दृष्टी रुजल्यावर स्त्रीप्रतिमांचा अभ्यास झाला. पुरुषाचे पुरुषपण मात्र बरेचसे अभ्यासाबाहेर राहिले. न्यायाधीश स्वतःच्या खटल्यात साक्षीदार म्हणून उभा राहत नाही, तसेच काहीसे हे झाले.

पुरुषाचे मन ही जन्मजात, अचल अशी वस्तू आहे असे मानण्याचे कारण नाही. पुरुषत्व एक नसते, अनेक असतात आणि त्यांच्यातही श्रेणी असते, हा विचार आर. डब्ल्यू. कॉनेल यांच्या १९९५ मधील मांडणीपासून समाजशास्त्रात स्थिरावला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला या विचाराचा उपयोग करावयाचा तर त्याने पुरुष ‘कसा असतो’ या प्रश्नापाशी न थांबता पुरुष कसा बोलतो, केव्हा बोलतो आणि कोणापाशी बोलतो हे पाहिले पाहिजे. या तीन प्रश्नांपैकी ‘केव्हा’ हा प्रश्न मराठी साहित्याच्या बाबतीत विशेष फलदायी ठरतो. कारण विसाव्या शतकातील काही महत्त्वाच्या मराठी कृती शेजारी शेजारी ठेवून वाचल्या असता एक आकृतिबंध पुन्हा पुन्हा दिसतो : पुरुषाचा अंतःकरणापासूनचा शब्द उच्चारला जातो तेव्हा जिच्यासाठी तो होता ती स्त्री ऐकण्याच्या पलीकडे गेलेली असते. तिच्या जागी वाचक बसलेला असतो. पुरुषाच्या प्रांजळपणाचे श्रेय वाचक देतो. ज्या नात्याला त्या प्रांजळपणाची गरज होती ते नाते त्याआधीच संपलेले असते.

मराठीत पुरुषाच्या मनाची पहिली उलटतपासणी एका स्त्रीने केली, हे येथे आरंभीच नोंदविले पाहिजे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ साली शिक्षा झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांवर जे तोंडसुख घेतले गेले त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्यांची पद्धत सरळ होती. साहस, कपट, अविचार असे जे दुर्गुण स्त्रियांच्या नावावर मांडले जातात, ते एकेक घेऊन हे पुरुषांत नाहीत काय, असा प्रश्न विचारावयाचा. पुढील शंभर वर्षांत पुरुषांनी स्वतःविषयी पुष्कळ लिहिले, पण ताराबाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे आहे या जाणिवेने फारच थोडे लिहिले.

२

मराठी पुरुषाच्या हळवेपणाचा सर्वमान्य ग्रंथ कोणता, असे विचारले तर ‘श्यामची आई’ हेच उत्तर येईल. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मातृप्रेमाचे महन्मंगल स्तोत्र म्हणून वाचले जाते. ते तसे आहेच. तथापि त्याची निवेदनाची चौकट क्वचितच लक्षात घेतली जाते. प्रौढ झालेला श्याम आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगतो. ऐकणारे बहुशः पुरुष आहेत. सांगणारा आणि ऐकणारे, दोघांचेही डोळे भरून येतात. पुरुषांनी एकमेकांसमोर रडण्याची अशी मोकळी परवानगी मराठी गद्यात इतरत्र क्वचितच मिळालेली आहे. मात्र ही परवानगी सशर्त आहे. ज्या स्त्रीसाठी अश्रू यावयाचे ती आई असली पाहिजे, आणि ती हयात नसली पाहिजे. आईचा अंत होतो तेव्हा श्याम तिच्यापाशी नाही. तो पोचतो तो उशिराच. त्याचे सर्व कथन हे त्या उशिराची भरपाई आहे.

या भरपाईमागील मानसिक रचना समजून घेण्यास दोन अभ्यास साहाय्यभूत होतात. नॅन्सी चोडोरो यांनी १९७८ साली असे मांडले, की मुलांचे संगोपन मुख्यतः स्त्रियाच करीत असल्यामुळे मुलीला आपली ओळख आईशी सातत्य राखून घडविता येते. मुलाला मात्र ती आईपासून तुटून घडवावी लागते. ‘मी तिच्यासारखा नाही’ हे त्याच्या पुरुषपणाचे पहिले वाक्य होते. जवळीक म्हणजे आपले स्वत्व विरघळण्याचा धोका, अशी खूणगाठ येथे बसते. त्याच वर्षी सुधीर कक्कर यांनी भारतीय बालकाच्या अंतर्विश्वाचा अभ्यास करताना या चित्राला आणखी एक रेषा जोडली. भारतीय कुटुंबातील मुलगा आईच्या निकट सहवासात दीर्घकाळ असतो आणि नंतर एकाएकी पुरुषांच्या शिस्तीच्या, अंतर राखणाऱ्या जगात ढकलला जातो. आईचा पदर सुटतो तो सावकाश सुटत नाही. तो झटक्यात ओढून घेतला जातो.

या दोन निरीक्षणांच्या प्रकाशात ‘श्यामची आई’ वाचले असता त्याची अफाट लोकप्रियता वेगळ्या रीतीने उलगडते. ज्या पदरापासून तोडले गेल्याचे दुःख पुरुषाला कधी बोलून दाखविता आले नाही, ते दुःख येथे भक्तीच्या रूपात बोलता येते. भक्तीला उत्तराची अपेक्षा नसते, वादाचे भय नसते. आई उलट बोलत नाही. पत्नी बोलते. म्हणूनच मराठी पुरुषाच्या भावविश्वात आईसाठी उघडलेले दार पत्नीसाठी लावलेले असू शकते आणि त्यातील विसंगती त्याला जाणवतही नाही. यात साने गुरुजींचा काही दोष नाही. त्यांनी जे दिले ते अस्सल आहे. दोष असेल तर तो या एका दारालाच पुरुषाचे संपूर्ण हृदय समजणाऱ्या वाचनपरंपरेचा आहे.

३

‘श्यामची आई’नंतर चारच वर्षांनी, १९३९ साली, विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ ही कादंबरी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा तरुण आणि हॅर्टा ही नाझी छळातून परागंदा झालेली ज्यू तरुणी यांची गाठ पडते. बोट मुंबईला लागते, चक्रधर उतरतो. तिला तेथे उतरण्याची मुभा नाही, तिचा प्रवास पूर्वेकडे पुढे चालू राहतो. पुढे ती समुद्रात आत्मघात करते. या कादंबरीविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे : तिचा आंतरराष्ट्रीय पट, तिचे आटोपशीरपण, युद्ध आणि प्रेम यांची तिने घातलेली सांगड. नायकाच्या नावातील श्लेषही अनेकांनी दाखविला आहे. नायकाचे पुरुषपण मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिले.

चक्रधर पूर्वीच्या प्रेमभंगाने दुखावलेला आहे, आणि त्या दुखावलेपणाचे त्याने तत्त्वज्ञान केले आहे. स्त्रीवर विश्वास टाकावयाचा नाही, नात्यात आपण हातचे राखून राहावयाचे, हे धोरण तो अनुभवी माणसाच्या रुबाबात बाळगतो. जखमेचे तत्त्वज्ञान करणे ही दुखावलेल्या पुरुषाची आवडती युक्ती आहे. दुःख झाले असे म्हणण्यापेक्षा शहाणपण आले असे म्हणणे त्याला अधिक शोभते. हॅर्टाजवळ गमाविण्यासारखे काहीही उरलेले नाही. देश नाही, घर नाही, परतीची वाट नाही. आणि तरीही नात्यात सर्वस्व पणाला लावते ती तीच. ज्याच्यापाशी देश आहे, घर आहे, उतरावयाला बंदर आहे, तो मात्र जपून पाऊल टाकतो. सुरक्षित माणसाची सावधगिरी आणि निर्वासित स्त्रीचे औदार्य यांतील हा विरोध हे ‘रणांगण’चे खरे रणांगण होय.

कादंबरीच्या रचनेतच कालाची एक विषमता आहे. हॅर्टाची पत्रे ती जिवंत असताना जिवंत चक्रधरला उद्देशून लिहिलेली आहेत. त्यांना उत्तर येऊ शकत होते. चक्रधरचे निवेदन मात्र तिच्या मृत्यूनंतरचे आहे, त्याला उत्तर येणे शक्य नाही. तिचा शब्द नात्याच्या आत उच्चारला गेला, त्याचा शब्द नात्याच्या शवावर. बेडेकरांचे मोठेपण असे, की त्यांनी ही विषमता झाकली नाही. ती पत्रे चक्रधरच्या निवेदनात विरघळवून न टाकता त्यांनी ती स्वतंत्र राहू दिली, आणि त्यामुळे चक्रधरच्या पश्चात्तापाचे मोजमाप करावयाचे एक साधन संहितेतच उपलब्ध राहिले. तो प्रांजळ आहे, बुद्धिमान आहे, स्वतःच्या उणिवा त्याला दिसतात. पण उणीव दिसणे आणि ती वेळेवर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ही कादंबरी न बोलता सांगते.

४

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) आत्मकथनाचा सूर सर्वस्वी पालटतो. पांडुरंग सांगवीकर हा पंचविशीतला तरुण खानदेशातील सांगवीहून पुण्याला शिकावयास जातो, वसतिगृहाच्या कारभारात आणि मित्रांच्या गोतावळ्यात बुडतो, कर्ज करतो, अपयशी होतो आणि गावी परततो. या कादंबरीने मराठी गद्याला एक नवी बोली दिली. त्या बोलीतील ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द तर एका पिढीच्या तोंडी बसले. त्यांचा विचार शैलीचा विशेष म्हणून झाला. रूढ भाषेच्या दांभिकतेवरील हल्ला म्हणूनही झाला. तथापि त्यांचे एक मानसशास्त्रीय कार्यही आहे. ‘उदाहरणार्थ’ म्हटले की समोरचा अनुभव एकमेव राहत नाही, अनेकांतील एक होतो. ‘वगैरे’ म्हटले की तो पुरता सांगण्याची जबाबदारी उरत नाही. ज्या तरुण पुरुषाला भावना बोलून दाखविणे म्हणजे स्वतःला उघड्यावर टाकणे वाटते, त्याला हे दोन शब्द दोन्ही बाजूंनी भिंतीसारखे उपयोगी पडतात.

या भिंतींना तडा जातो तो मनीच्या मृत्यूने. देवीने गेलेल्या या धाकट्या बहिणीचे प्रकरण हे मराठी कादंबरीतील शोकाच्या अत्यंत प्रखर आविष्कारांपैकी एक आहे. तेथे पांडुरंगचा उपरोध त्याला सांभाळू शकत नाही. राग, अपराधभाव, निरर्थकतेची जाणीव हे सारे एकमेकांत मिसळून उसळते. येथेही आकृतिबंध तोच आहे. ज्या घरात मुलींच्या जिवाला मुलांच्या जिवाइतके मोल नाही, त्या घराविषयी पांडुरंगला बोलावयाचे असते; पण तो बोलतो ते मनी गेल्यानंतर, आणि बोलतो ते आपल्यापाशी. वडिलांचा अधिकार त्याला जाचतो हे खरे, परंतु त्या अधिकाराचा वारस आपणच आहोत ही जाणीव त्याच्या बंडाला फारशी शिवत नाही. कादंबरीच्या शेवटी तो ज्या गावात परततो तेथे त्याच्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे. परततो म्हणण्यापेक्षा तो वारशात दाखल होतो. मनीसाठी अशी जागा नव्हती.

‘कोसला’च्या समीक्षेने पांडुरंगच्या परात्मतेवर, अस्तित्ववादी निरर्थकतेवर, देशीयतेवर भर दिला. ही वाचने चुकीची नाहीत. परंतु परात्म होण्याचीही एक सोय असते आणि ती सर्वांना सारखी उपलब्ध नसते. पंचवीस वर्षे वाया गेली असे म्हणण्यासाठी ती वाया घालविण्याची मुभा आधी मिळावी लागते. मनीला ती मिळाली नाही, पांडुरंगच्या आईलाही नाही. नायकाच्या निरर्थकतेच्या अनुभवाला ‘माणसाचा अनुभव’ म्हणताना समीक्षा ही सोय सहज विसरते.

५

उशिरा येणाऱ्या शब्दाचे उदाहरण म्हणून विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) घ्यावे, तर प्रथमदर्शनी ते येथे बसत नाही. सखाराम हा आरंभापासून बोलका आहे. नवऱ्याने टाकलेल्या बाया घरी आणून ठेवणारा हा छापखान्यातील बाइंडर घराचे नियम पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगतो. लग्नाच्या नावाखाली बायकोला बडविणाऱ्या संभावित नवऱ्यांपेक्षा आपण बरे, कारण आपण काही लपवीत नाही, हा त्याचा अभिमान आहे. हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा परीक्षण मंडळाचा आक्षेप, बंदी आणि न्यायालयीन लढा या सर्वांतून त्याला जावे लागले. कमलाकर सारंग यांनी तो लढा दिला. त्या वादात अश्लीलतेचा प्रश्न इतका पुढे आला की सखारामच्या ‘खरेपणा’चा प्रश्न मागे पडला. नाटकाच्या समर्थकांनीही त्याच्या बिनदिक्कत खरेपणाची बाजू घेतली.

परंतु सखारामचे बोलणे हे संभाषण नाही. ते करारनामा वाचून दाखविणे आहे. त्यात समोरच्या बाईने काय म्हणावे याला जागा नाही. लक्ष्मी मुंगळ्याशी बोलत बसते, हा तेंडुलकरांनी योजलेला तपशील या दृष्टीने फार सूचक आहे. ज्या घरात पुरुष इतका बोलतो तेथे बाईला बोलावयाला मुंगळा शोधावा लागतो. लहानपणी मारहाणीच्या घरातून पळालेला हा माणूस कोणावर अवलंबून राहावयाचे नाही या एकाच सूत्रावर उभा आहे, आणि ते सूत्र त्याला प्रत्येक नात्याच्या दारापाशी उभे करते, आत जाऊ देत नाही. लक्ष्मीची भक्ती आणि चंपाची बेफिकिरी या दोन्ही गोष्टी त्याच्या करारात बसत नाहीत. चंपा त्याच्या स्वाधीन होते ती दारूच्या अंमलाखाली, म्हणजे स्वतःला वजा करून, आणि हे त्याला समजत असूनही समजून घ्यावयाचे नसते. लक्ष्मी परतल्यावर त्याचे देहबळ त्याला दगा देते, तेव्हा त्या पराभवाला त्याच्या मोठ्या शब्दकोशात एकही शब्द नाही. जेथे शब्द नाही तेथे हात उठतो. चंपाचा खून झाल्यानंतरचा सखाराम मूक आहे. पुढचे सारे लक्ष्मी ठरविते. अर्थात येथे शब्द उशिरा येतो असेही म्हणता येत नाही. तो येतच नाही. नाटकभर गाजलेला प्रांजळपणा हा शब्दाचा अभाव झाकण्यासाठी होता, हे शेवटच्या शांततेत कळते.

या शांततेची दुसरी, अधिक सोसणारी बाजू महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) दिसते. धरणगावकर देशपांडे यांच्या ढासळत्या वाड्यात तात्याजींच्या मृत्यूनंतर जमलेल्या कुटुंबात वाटण्या, प्रतिष्ठा आणि देणी यांची बोलणी चालतात. चंदू मात्र बोलत नाही. घरासाठी राबणाऱ्या या अविवाहित भावाच्या पायाला दारातल्या निकामी ट्रॅक्टरने झालेली जखम चिघळत जाते आणि तो ती कोणाला दाखवीत नाही. सखाराम इतरांना दुखवितो, चंदू स्वतःच कुजतो. परंतु दुखते आहे हे न म्हणण्याची शिकवण दोघांनाही एकाच शाळेने दिली आहे. पुरुषत्वाची व्यवस्था पुरुषालाही खाते हे खरे. त्याचा अर्थ ती सर्वांना सारखीच खाते असा मात्र नाही. चंपा मरते, सखाराम उरतो, हा फरक विसरून पुरुषाच्या दुःखाविषयी बोलणे अप्रामाणिक ठरेल.

६

पुरुषाच्या मनाचे अधिक पूर्ण चित्र मराठीत कोठे सापडते याचे उत्तर पुरुषांच्या आत्मकथनांपेक्षा त्यांच्या पत्नींच्या लेखनात शोधावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तून (१९३४–३६) उभे राहणारे नारायण वामन टिळक हे या दृष्टीने अनन्य आहेत. तापट, भोळे, हातातले दुसऱ्याला देऊन टाकणारे, घरात न सांगता निघून जाणारे, १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारून संसार दुभंगविणारे आणि दुभंगलेल्या संसाराकडे वर्षानुवर्षे पाठ न फिरविणारे. पाच वर्षांनंतर, १९०० साली, लक्ष्मीबाईंनीही तो धर्म स्वीकारला, तो स्वतःच्या विचाराने. या पुस्तकातील टिळक हे देवही नाहीत आणि दैत्यही नाहीत. ते एक चिडवणारे, चिडणारे, उत्तर देणारे माणूस आहेत.

‘स्मृतिचित्रे’ही टिळकांच्या मृत्यूनंतरच (१९१९) लिहिली गेली, मग तोही शब्द उशिराचाच नव्हे काय, असा आक्षेप येथे घेता येईल. आक्षेप रास्त आहे आणि त्यामुळेच भेद अधिक स्पष्ट होतो. लक्ष्मीबाईंचे लेखन उशिराचे असले तरी त्यांचे बोलणे उशिराचे नव्हते. पुस्तकभर त्या टिळकांशी भांडतात, त्यांना कोपरखळ्या मारतात, रुसतात, समजूत घालतात, आणि हे सर्व टिळकांच्या समोर, त्यांच्या हयातीत. लेखन हे त्या चालू संवादाचा वृत्तान्त आहे. शिवाय मृत्यूने टिळकांना त्यांनी शुद्ध करून घेतले नाही. श्यामची आई आणि मनी मृत्यूनंतर निष्कलंक होतात; लक्ष्मीबाईंचे टिळक मृत्यूनंतरही त्रासदायक राहतात, म्हणून जिवंत राहतात. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, हे त्या संवादाचेच आणखी एक रूप म्हटले पाहिजे.

पुढील पिढीतील स्त्रियांनी हा शब्द आणखी अलीकडे आणला. मल्लिका अमरशेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) नामदेव ढसाळ हयात असताना आले, सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) पु. ल. देशपांडे हयात असताना. दुसऱ्या पुस्तकाने वाचकांत केवढी खळबळ उडविली हे सर्वश्रुत आहे. त्या खळबळीचे एक कारण, लाडक्या लेखकाची प्रतिमा डागळली, हे नेहमी सांगितले जाते. दुसरे कारण कालाचे आहे. पती जिवंत असताना पत्नीने सहजीवनाचा हिशेब मांडणे याची मराठी वाचकाला सवय नव्हती. पतीच्या निधनानंतर तेच लिहिले असते तर त्याला ‘आठवणी’ म्हटले गेले असते. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) चळवळीच्या जाणिवेतून वाढलेल्या पुरुषालाही पत्नीचे शिक्षण आणि सार्वजनिक वावर कसा खुपू शकतो हे दिसते, तेव्हा पुरुषमनाची ही घडण एका जातीपुरती वा वर्गापुरती नाही हे ध्यानी येते.

मात्र ती सर्वत्र एकसारखी आहे असे म्हणणेही चूक ठरेल. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) जातीच्या अपमानाने पिळलेला पुरुष घरात संशयी होतो, पहिल्या पत्नीला अंतरतो, आणि त्याची बोच घेऊन बोलू लागतो. त्याच्या पुरुषपणाला गावगाड्यात मान नाही. तो मिळविण्याचे एकमेव स्थान घर उरते आणि तेथे तो अपमान पत्नीवर उलटतो. पवारांनी यासाठी योजलेली चौकट अर्थपूर्ण आहे : शिकलेला दया पवार आणि त्याच्या आतला दगडू मारुती पवार. ऐकणारी स्त्री जेथे उरली नाही तेथे या लेखकाने स्वतःतूनच एक श्रोता निर्माण केला. बोलणारा आणि त्याचा हिशेब घेणारा एकाच देहात आमनेसामने बसविल्यामुळे येथील कबुलीला स्वतःची आरती होता येत नाही. उशिराचा शब्दही किती प्रामाणिक होऊ शकतो याचा हा दाखला आहे.

७

शोक हा नेहमी उशिराच असतो, विलापिका ही जगभरच्या साहित्यातील मान्य जात आहे, तेव्हा पुरुषलेखकांना त्यासाठी वेगळे का धरावे, असे कोणी विचारील. विलापाला हरकत नाही. प्रश्न विलापाच्या कार्याचा आहे. एखादी कृती आपल्या उशिराला पाहते की नाही, हा तिच्या मूल्यमापनाचा एक निकष होऊ शकतो. ‘श्यामची आई’ उशिराचे रूपांतर भक्तीत करते. ‘कोसला’ त्याला क्षणभर सामोरी जाते आणि पुन्हा उपरोधाच्या आडोशाला येते. ‘रणांगण’ तो उशीर रचनेतच कोरून ठेवते. ‘सखाराम बाइंडर’ त्याच्याही पुढे जाऊन दाखविते, की बोलकेपणा हे सांगण्याचे टाळण्याचेच एक साधन असू शकते. हा क्रम कलात्मक श्रेष्ठकनिष्ठतेचा नाही. आत्मजाणिवेच्या पायऱ्यांचा आहे.

या निकषाचा भार अखेरीस समीक्षेवर येतो. मराठी समीक्षेने प्रांजळपणाला फार मोठे मूल्य मानले. आत्मपर लेखनाचे परीक्षण करताना ‘लेखकाने स्वतःलाही सोडलेले नाही’ हे प्रशस्तिपत्र ती सढळपणे देत आली. परंतु स्वतःला न सोडणे म्हणजे काय? स्वतःवर आरोप ठेवणारा, स्वतःच वकील आणि स्वतःच न्यायाधीश असलेला माणूस बहुधा शिक्षेविना सुटतो. कबुली देणाऱ्या नायकाला वाचकाने माफ केले की ज्या स्त्रीने ती माफी द्यावयाची किंवा नाकारावयाची तिचा अधिकार नाहीसा होतो. समीक्षेने अशा वेळी वाचकाला एवढेच विचारण्यास शिकवावे, की ही कबुली ऐकणार कोण होते, ते आता कोठे आहे, आणि त्याचे उत्तर संहितेत कोठे तरी ऐकू येते काय. ‘रणांगण’मध्ये ते ऐकू येते, म्हणून चक्रधरच्या अपराधभावाला वजन आहे. जेथे ते ऐकू येत नाही तेथे सर्वांत सुंदर पश्चात्तापही एकट्या माणसाचा विलास ठरण्याचा धोका असतो.

साहित्याच्या बाहेरील जगण्याशीही या प्रश्नाचा संबंध आहे. वाचक आपल्या नात्यांची भाषा पुष्कळदा पुस्तकांतूनच उचलतो. पुरुषाचे मन मूलतः खोल असते, ते सहजी उघडत नाही, आणि उघडते तेव्हा त्याचे मोल अपार असते, ही समजूत मराठी वाचकाच्या मनात रुजविण्यात या साहित्याचा आणि त्याच्या समीक्षेचा वाटा आहे. त्या समजुतीची किंमत वाट पाहणाऱ्यांनी मोजलेली असते. आईने, बहिणीने, पत्नीने त्या खोल मनाच्या उघडण्याची वाट पाहत आयुष्य काढले आणि ते उघडले तेव्हा त्या तेथे नव्हत्या. खोलीचा एवढा गौरव करताना तिच्या दाराशी किती काळ कोण उभे होते हेही विचारले पाहिजे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली विचारलेला प्रश्न याच दारावरची थाप होती. मराठीतील पुरुषाने ती ऐकली किंवा नाही, याचे उत्तर त्याच्या कबुलीजबाबांच्या संख्येवरून मिळणार नाही. एखादा शब्द वेळेवर, ऐकणारी समोर असताना, आणि ती उलट काही बोलेल ही शक्यता गृहीत धरून उच्चारला गेला की नाही, यावरून ते मिळेल.